दहा वर्षांचा अनुभव जिथे मोजला जाईल, तिथेच एमबीए करावे

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. बीएमसीसीतून बी.कॉम. झाल्यावर सीएमए हा लेखाशास्त्राचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केला आणि गेली दहा वर्षे बँकिंग क्षेत्रात आहे. सध्या खराडीतील एका परदेशी बँकेच्या कार्यालयात रेग्युलेटरी रिपोर्टिंग विभागात असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट असून बारा जणांची टीम सांभाळते. या बँकेत साडेचार वर्षे झाली. वार्षिक पॅकेज ३० लाखांचे आहे. काम चांगले येते, पण दर तिमाहीला तेच अहवाल करत पुढची वीस वर्षे काढावीत असे वाटत नाही. कॉर्पोरेट फायनान्स, ट्रेझरी किंवा इन्व्हेस्टमेंट बँकिंगकडे वळण्यासाठी पूर्णवेळ एमबीए करायचे मनात आहे. जीमॅट या प्रवेश परीक्षेत ६५५ गुण मिळाले आहेत. आयआयएम किंवा आयएसबीचा (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) एक वर्षाचा अभ्यासक्रम, अमेरिका-इंग्लंडमधले एमबीए आणि घरी राहून पुण्यातच दोन वर्षांचे एमबीए असे तीन पर्याय समोर आहेत. यजमान चाकणला अभियंता आहेत, मुलगा पहिलीत आहे. सासूबाई म्हणतात, "तू जा, मी आहे." माझ्या बाबांना मात्र चालती नोकरी सोडणे मुळीच पटत नाही. सिंहगड रस्त्यावरच्या घराचा ५२ हजारांचा हप्ता चालू आहे. मी कोणता पर्याय निवडावा?

— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही तीन अभ्यासक्रमांतून एक निवडून द्यायला सांगितले आहे. परंतु तुमच्या पत्रात तीन नोकऱ्यांचीही नावे आहेत, आणि त्या नोकऱ्यांचे रस्ते इतके वेगळे आहेत की त्यांतली कोणती हवी हे ठरल्याशिवाय अभ्यासक्रमाबद्दल कोणीही प्रामाणिक उत्तर देऊ शकणार नाही. म्हणून आधी नोकऱ्यांबद्दल लिहिते.

इन्व्हेस्टमेंट बँकिंगचा, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारायला आणि उद्योगांच्या खरेदी-विक्रीला मदत करण्याच्या कामाचा, विचार तुम्ही सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण तुमच्या क्षमतेत नसून भरतीच्या पद्धतीत आहे. परदेशातील मोठ्या बँका एमबीएच्या पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळी इंटर्नशिपमधून बहुतेक सहयोगी (असोसिएट) निवडतात, आणि त्यात येणाऱ्यांचा आधीचा अनुभव साधारण चार-पाच वर्षांचा असतो. भारतातही हे काम मुख्यतः मुंबईत चालते आणि तिथे तरुण मुले घेऊन त्यांना वर चढवण्याची रीत आहे. दहा वर्षांचा अनुभव आणि टीम सांभाळण्याची सवय असलेल्या व्यक्तीला तिथे सत्ताविशीच्या मुलांच्या बरोबरीने, रात्री उशिरापर्यंत प्रेझेंटेशन आणि आर्थिक मॉडेल करत सुरुवात करावी लागते. ज्यांना त्याच कामाची मनापासून ओढ आहे त्यांनी तेही करावे. पण तुमच्या पत्रातून तशी ओढ जाणवत नाही. त्यात जाणवते ते एवढेच की आकडे कळवण्याऐवजी आकड्यांवरून निर्णय घेणाऱ्यांमध्ये तुम्हाला जागा हवी आहे.

ती जागा ट्रेझरीत तुम्हाला वाटते त्याहून बरीच जवळ आहे. तुमच्या विभागातून जाणारा लिक्विडिटी कव्हरेज रेशोच घ्या. तीस दिवसांच्या ताणाच्या काळात बँकेतून जेवढा पैसा बाहेर जाऊ शकतो, तेवढ्याला पुरेल अशी चटकन विकता येणारी, उत्तम दर्जाची मालमत्ता बँकेकडे आहे की नाही, हे तो सांगतो. तुम्ही तो मोजून नियामकाला कळवता. ट्रेझरी आणि असेट-लायबिलिटी मॅनेजमेंटची (बँकेची मालमत्ता आणि देणी यांचा मेळ घालणारी) माणसे तो राखतात, म्हणजे कोणते रोखे ठेवायचे, किती मुदतीची ठेव घ्यायची आणि किती दराने, हे ठरवतात. बासेलच्या, म्हणजे बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय, नियमांत कोणत्या ठेवीला किती टक्के बहिर्गमन धरायचे हे तुम्हाला तोंडपाठ असणार, आणि ट्रेझरीत नव्याने येणाऱ्या एमबीएवाल्यांना नेमके तेच शिकायला पहिले सहा महिने जातात. तेव्हा एमबीएचा अर्ज भरण्याआधी तुमच्याच बँकेत लिक्विडिटी रिस्क किंवा असेट-लायबिलिटीच्या टीमसाठी आयजेपी (बँकेतल्याच कर्मचाऱ्यांसाठीची अंतर्गत भरती) निघते का ते पाहा, आणि निघत असेल तर याच वर्षी अर्ज करा. कोंढव्याला १९६९ साली रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने स्थापन झालेली एनआयबीएम (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बँक मॅनेजमेंट) आहे. तिथे बँकांमधील अधिकाऱ्यांसाठी ट्रेझरी आणि जोखीम व्यवस्थापनाचे अल्पमुदतीचे वर्ग होतात, तेही पाहा. याच्या जोडीला एफआरएम (फायनान्शियल रिस्क मॅनेजर) या प्रमाणपत्राच्या दोन परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात. या वाटेची मर्यादाही सांगायला हवी. खराडी-मगरपट्ट्यातल्या अशा केंद्रांमध्ये काम पुष्कळ असले तरी शेवटचा निर्णय बहुधा लंडन, न्यूयॉर्क किंवा सिंगापूरला होतो, त्यामुळे काही वर्षांनी तुम्ही पुन्हा याच प्रश्नापाशी येण्याची शक्यता आहे. तरीही नोकरी न सोडता बदल मिळत असेल तर तो आधी आजमावणे शहाणपणाचे आहे, आणि तो मिळाला तर पुढे एमबीएच्या मुलाखतीतही तुमची बाजू भक्कम होईल.

कॉर्पोरेट फायनान्स म्हणजे एखाद्या कारखानदारी, वित्त किंवा सॉफ्टवेअर कंपनीच्या आतली बाजू : भांडवल कुठे गुंतवायचे, कर्ज कुठून उभे करायचे, परकीय चलनाची जोखीम कशी झाकायची, कोणता उद्योग विकत घ्यायचा. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात अशा कंपन्यांची मुख्यालये आहेत, त्यामुळे हे काम तुम्हाला घरापासून दूर न जाता दीर्घकाळ करता येईल. पण इथे बँकेतून थेट उडी मारणे अवघड जाते, कारण कंपन्यांना व्यवसायप्रमुखांशी बोलून त्यांचा खर्च आणि त्यांची योजना तपासणारा माणूस हवा असतो आणि बँकेच्या रिपोर्टिंगमधील व्यक्तीने ते कधी केलेले नसते. व्हॅल्युएशन (उद्योगाचे मूल्य ठरवणे) आणि भांडवली गुंतवणुकीचे निर्णय हे विषय तुम्ही सीएमएला शिकलात खरे, पण वापरले नाहीत. पूर्णवेळ एमबीएचा खरा उपयोग मला इथे दिसतो, आणि पुढचे सर्व मी हेच ध्येय धरून लिहीत आहे.

आता अभ्यासक्रमाकडे येऊ. तुमच्या टप्प्यावरच्या व्यक्तीसाठी मला एकच कसोटी महत्त्वाची वाटते : त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडताना तुमची दहा वर्षे मोजली जाणार आहेत की पुसली जाणार आहेत. क्रमवारी, इमारती, परदेशी विद्यापीठांशी करार हे सगळे त्यानंतर.

पुण्यातील दोन वर्षांचे पूर्णवेळ अभ्यासक्रम या कसोटीला उतरत नाहीत. १९७१ पासून चालत आलेला पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग पुम्बा असो की १९७८ ची, आता लवळ्याला असलेली सिम्बायोसिसची एसआयबीएम असो, या चांगल्या संस्था आहेत आणि त्यांनी पुण्याला अनेक उत्तम अधिकारी दिले आहेत. पण सीईटी किंवा स्नॅप ही प्रवेश परीक्षा देऊन तिथे येणारी बहुतेक मुले नुकती पदवीधर झालेली किंवा दोन-तीन वर्षे नोकरी केलेली असतात, आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या त्यांच्यासाठीच जागा आणि पगार ठरवून येतात. दोन वर्षे घालवून तुम्ही आजच्या पगाराच्या खालून सुरुवात कराल. घरी राहता यावे म्हणून हा पर्याय निवडायचा असेल, तर त्यापेक्षा नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवारचा एक्झिक्युटिव्ह एमबीए केलेला बरा. मात्र त्याने ज्ञान वाढते, नोकरीचा प्रकार सहसा बदलत नाही, हे धरून चालावे.

एक वर्षाचे अभ्यासक्रम तुमच्यासारख्यांसाठीच बांधलेले आहेत. अहमदाबाद आयआयएमच्या पीजीपीएक्स या अभ्यासक्रमासाठी किमान चार वर्षांचा अनुभव लागतो. बंगळूरचा ईपीजीपी, कलकत्त्याचा एमबीएईएक्स आणि लखनौ आयआयएमचा आयपीएमएक्स यांना किमान पाच वर्षांचा लागतो. वर्गात आठ-दहा वर्षे काम केलेले लोक शेजारी बसतात आणि भरतीला येणारी कंपनी तुमच्या आधीच्या कामाशी जोडून पद देते. आयएसबीची किमान अट दोनच वर्षांची असल्यामुळे तिथला वर्ग तुलनेने तरुण असतो. संस्थेचा दबदबा आणि माजी विद्यार्थ्यांचे जाळे मोठे आहे, तरी तुमच्या वयाला आणि हेतूला मी तिला आयआयएमच्या या अभ्यासक्रमांच्या खाली ठेवीन. पूर्वी आयआयएममधून पदविका मिळत असे. २०१७ च्या कायद्यानंतर या संस्था पदवी देऊ लागल्या, त्यामुळे पुढेमागे परदेशात पदवीची समकक्षता दाखवावी लागली तर तो अडसर उरलेला नाही.

या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांची एक उणीव मात्र कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेली नसते. त्यांत उन्हाळी इंटर्नशिपला जागा नसते. क्षेत्र बदलू पाहणाऱ्याला इंटर्नशिप म्हणजे नव्या कामाचा पुरावा असतो; तो नसल्यामुळे कंपनी तुमच्या जुन्या बायोडेटावरच निर्णय घेते, आणि नोकऱ्यांची धावपळ प्रवेशानंतर काही महिन्यांतच सुरू होते. "तिथे गेल्यावर काय आवडते ते पाहू" असे म्हणून गेलेले लोक, पदवी मोठी असूनही, पुन्हा बँकेच्या त्याच विभागात थोड्या वरच्या पदावर परतलेले मी पाहिले आहेत. म्हणून जाण्याआधीच स्वतःच्या कामातला कॉर्पोरेट फायनान्सला जोडणारा धागा तयार ठेवा. भांडवलाच्या आकड्यांवरून व्यवसायाला काही सुचवले असेल, एखादी प्रणाली बदलून खर्च वाचवला असेल, तर ते आकड्यांसह लिहून काढा. आयजेपीचा आग्रह मी धरते तो याच कारणासाठी.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेतील नामांकित दोन वर्षांच्या एमबीएचा राहण्या-खाण्यासह खर्च दोन लाख डॉलरच्या पुढे जातो. शिक्षणानंतर काम करायला एक वर्ष मिळते, आणि अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात मोडत असेल तर आणखी दोन. त्यानंतर नोकरीसाठी लागणारे एच-१बी व्हिसा वर्षाला ८५ हजारच, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारा आदेश निघाल्यापासून कंपन्या अधिकच हात आखडता घेतात. तुम्ही विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर असताना यजमानांना तिथे नोकरी करता येणार नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिजचे एमबीए एक वर्षाचे असले तरी जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला जोडीदार आणि मुले अवलंबित म्हणून नेता येत नाहीत. आणि शिक्षणानंतर काम करण्याचा दोन वर्षांचा परवाना जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठराच महिन्यांचा मिळणार आहे. सर्व कुटुंबाने देश बदलायचे ठरवले असते तर मी वेगळे लिहिले असते. पुण्यातल्या कंपनीत काम करण्यासाठी एवढा खर्च आणि एवढी ताटातूट करण्याचे कारण मला दिसत नाही.

पैशांचा हिशेब तुम्ही ऑफिसात याहून अवघड करता, तरी एकदा माझ्याबरोबर करून पाहा. भारतातल्या या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांपैकी बहुतेकांची फी साधारण ३० ते ४० लाखांच्या घरात आहे. ती ३५ लाख धरली, वर्षभराचा बुडालेला हातातला पगार २० लाख धरला आणि वरखर्च, प्रवास, लॅपटॉप मिळून ३ लाख धरले, तर एकूण ५८ लाख होतात. हे सात वर्षांत व्याज न धरता वसूल करायचे म्हटले तरी दरवर्षी हातात सुमारे ८.३ लाख जास्त यायला हवेत, आणि वरच्या टप्प्यावरचा उपकरासह ३१.२ टक्के कर लक्षात घेता पॅकेज सुमारे १२ लाखांनी वाढायला हवे. ही वाढ आजच्या ३० लाखांवर मोजू नका. नोकरी चालू राहिली असती तर त्या वेळी जो पगार असता त्यावर मोजा. ३० लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ३९,६०० रुपये येतो, म्हणजे घराच्या हप्त्यासह महिन्याला ९१,६०० रुपये. शिकत असतानाही घराचा हप्ता थांबत नाही. यजमानांच्या पगारातून तो, घरखर्च आणि मुलाची शाळा निघत असेल तरच पुढे जा, आणि किमान सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या मुदतठेवीत ठेवून मगच राजीनामा द्या. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. नव्या पद्धतीत ती धरून हिशेब करू नका.

राजीनाम्याच्या तारखेकडे फार कमी लोक नीट पाहतात. परदेशी बँकांत बोनस फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि अनेक ठिकाणी नोटीस पिरियडवर असलेल्याला तो देत नाहीत. अभ्यासक्रम एप्रिलच्या सुमारास सुरू होणार आणि नोटीस नव्वद दिवसांची असेल, तर दोन्ही जुळत नाहीत. नोटीसचे उरलेले दिवस विकत घेता येतात का, हे तुमच्या नियुक्तिपत्रात आजच वाचून ठेवा. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तुमचा मूळ पगार महिन्याला लाखभर असेल तर ती रक्कम सुमारे २ लाख ८८ हजार होते. थोड्या महिन्यांचा प्रश्न असेल तर पाच वर्षे पूर्ण करूनच निघा, पण तेवढ्यासाठी प्रवेश एक वर्ष पुढे ढकलू नका. भविष्यनिर्वाह निधी काढू नका. आणि सासूबाईंचा आरोग्य विमा कंपनीच्या गटविम्यात असेल तर तो राजीनाम्याबरोबर संपतो. त्यांच्या नावाने स्वतंत्र पॉलिसी आत्ताच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते. तुम्ही वसतिगृहात असताना घर त्यांच्या भरवशावर चालणार आहे. त्यांच्या दुखण्याखुपण्याची तरतूद हा या योजनेतला पहिला खर्च समजा.

संस्थेची पारख करताना सरासरी पगाराकडे पाहू नका. परदेशातील दोन-चार नोकऱ्यांनी ती फुगते. मध्यक (मीडियन) पाहा, किती जणांनी भरतीत भागच घेतला नाही ते पाहा, आणि पगारातला निश्चित भाग किती ते पाहा. अहमदाबादचा अहवाल भारतीय प्लेसमेंट अहवाल मानकांनुसार तयार होतो आणि तपासलेला असतो, त्यामुळे तो वाचायची सवय आधी लावून मग इतरांचे अहवाल हातात घ्या. पण अहवालात न मिळणारी एक माहिती तुम्हाला माणसांकडूनच घ्यावी लागेल : गेल्या दोन-तीन तुकड्यांत बँकेच्या रिपोर्टिंग, रिस्क किंवा ऑपरेशन्समधून आलेले किती जण होते आणि ते आज कुठे आहेत. संस्था ज्यांची नावे पुढे करते त्यांच्याशी बोला, पण तेवढ्यावर थांबू नका. ज्यांना हवे ते काम मिळाले नाही अशा एकाशी तरी बोला. अनेक माजी विद्यार्थी पुण्यातच आहेत आणि नीट विचारले तर अर्धा तास देतात.

तुमचे ६५५ गुण चांगले आहेत. नोव्हेंबर २०२३ पासूनच्या २०५ ते ८०५ च्या नव्या मापावर ते जुन्या ७०० च्या थोडे वर बसतात आणि पाच वर्षे ग्राह्य राहतात, म्हणून पुन्हा परीक्षेला बसून तीन महिने घालवू नका. तो वेळ निबंधांवर खर्च करा. अहमदाबाद आणि बंगळूरला पहिल्या फेरीत अर्ज करा, कलकत्ता आणि आयएसबी त्यानंतर ठेवा. यांपैकी कुठेही प्रवेश मिळाला नाही, तर केवळ या वर्षी जायचेच म्हणून खालच्या संस्थेत एवढा पैसा घालू नका. आयजेपी आणि एफआरएमच्या वाटेने वर्ष काढून पुन्हा प्रयत्न करा. या वयात एक वर्ष उशीर झाल्याने काही बिघडत नाही.

बाबांचा विरोध मी हट्ट समजत नाही. त्यांच्या पिढीने एकाच पगारावर घरे उभी केली, आणि पगार थांबणे म्हणजे काय हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना संस्थेचे नाव किती मोठे आहे ते सांगू नका. वरचा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यात काय राहिले ते त्यांनाच विचारा. मुलाच्या बाबतीत यजमानांशी बोलणे त्याहून आधी व्हायला हवे. सासूबाईंचा आधार मोलाचा आहे, पण अभ्यास घेणे, शाळेच्या पालकसभा, आजारपणातली रात्र हे सर्व चाकणची पाळी सांभाळून यजमानांना करावे लागेल, आणि ते त्यांनी मनापासून मान्य केलेले असावे. काही संस्थांमध्ये कुटुंबासह राहण्याची सोय आहे. मुलाला वर्षभरासाठी बरोबर नेणे तुम्हाला अशक्य वाटत असले, तरी चौकशी करा.

शिफारसपत्र सध्याच्या वरिष्ठांकडून घ्यावे की नाही, ही अडचण तुम्हाला लवकरच येईल. प्रवेश झाला नाही तर पुढची बढती जाण्याची भीती खरी असते. तुमचे काम जवळून पाहिलेले आणि आता दुसरीकडे गेलेले वरिष्ठ असतील तर एक पत्र त्यांच्याकडून घ्या, आणि दुसरे ज्या विभागाला तुम्ही अहवाल देता तिथल्या अधिकाऱ्याकडून. तुमच्या आकड्यांवर कोणी काय निर्णय घेतला हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी लिहू शकणार नाही. प्रवेशाचे पत्र आल्यावर जागा राखण्यासाठीची रक्कम काही दिवसांतच भरावी लागते आणि ती बहुधा परत मिळत नाही, म्हणून कर्जाची तत्त्वतः मंजुरी आणि घरच्यांची संमती ही दोन्ही कामे अर्ज पाठवण्याआधीच पुरी करून ठेवा.